बोर्डो धाटणीची रेड वाइन चाखताना या चुका टाळा

"फार तुरट आहे," ही बोर्डो ब्लेंडबद्दलची, म्हणजे फ्रान्सच्या बोर्डो भागाच्या धाटणीने मुख्यतः कॅबरने सोव्हिन्यों आणि मर्लो या जातींची द्राक्षं वापरून केलेल्या मिश्र रेड वाइनबद्दलची, नेहमीची तक्रार. बऱ्याचदा बाटली नुकतीच उघडलेली असते, वाइन नको तितकी गार किंवा गरम असते, आणि पहिल्या घोटालाच निकाल लागतो.

आधी तापमान बघा. १६ ते १८ अंश सेल्सिअस ठीक. त्याहून गार असेल तर टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतले तुरट घटक, बोचतात आणि फळांचा वास दबतो. फार गरम झाली की अल्कोहोल नाकात चढतं. बाटली कोमट वाटली तर पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. रेड वाइन फ्रीजमध्ये ठेवायचीच नाही, हा उगाचचा सोवळेपणा आहे.

आता तुरटपणा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, म्हणून तोंड कोरडं पडतं. कॅबरने सोव्हिन्यों जास्त असलेल्या कोवळ्या वाइनमध्ये हे होणारच. तो दोष नाही. बघायचा तो त्याचा पोत. घोट तोंडभर फिरवा, थुंका, मग जीभ वरच्या हिरडीवरून फिरवा. बारीक, एकसारखी पकड जाणवली तर उत्तम. खरखर जाणवली आणि फळाची चव आधीच विरून मागे नुसता कोरडेपणा उरला, तर तोल बिघडलाय असं म्हणा. आंबटपणाशी मात्र याची गल्लत करू नका: आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं, टॅनिनने ते सुकतं.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या ब्लेंडना एकच फूटपट्टी लावणं. बोर्डोत नदीच्या डाव्या काठावर, मेदोकच्या खडीच्या जमिनीत, कॅबरनेचा जोर. उजव्या काठावर, पोमरोल आणि सेंट-एमिलियोंकडे, मर्लोचा. मर्लोप्रधान वाइन मऊ आणि आलुबुखारासारखी लागली म्हणून ती 'हलकी' ठरत नाही. ढोबळी मिरचीची पुसट झाक कॅबरनेच्या जातीतच असते. तिनं बाकी सगळे वास झाकले तर द्राक्षं कच्ची असावीत.

विचित्र वास आला तर लगेच ओतून देऊ नका. काडेपेटीचा किंवा अंड्यासारखा वास बहुधा ग्लास हलवून, थोडी हवा लागली की उडतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र जात नाही, उलट वाढतच जातो; ती बुचामुळे बिघडलेली बाटली, दुसरी उघडा. तळाचा गाळ निरुपद्रवी. आणि ग्लासच्या कडेने ओघळणारे 'पाय' अल्कोहोलबद्दल सांगतात, दर्जाबद्दल नाही.

डिकँटरलाही, म्हणजे वाइन ओतून तिला हवा लागू द्यायच्या भांड्यालाही, एकच नियम नाही. कोवळी, घट्ट वाइन तास-दोन तास उघडी ठेवली तर खुलते. वीस-पंचवीस वर्षांच्या बाटलीला तेवढा वेळ दिला तर तिचा नाजूक सुगंध वाटेतच संपू शकतो. ती दिवसभर उभी ठेवा, गाळ तळाशी बसू द्या, अलगद ओता आणि लगेच चाखायला घ्या.