इमेजरला ड्राईव्ह दिसतच नाहीये? काढ-लाव थांबवा आणि हे बघा

फॉरेन्सिक इमेजरला (पुराव्याच्या ड्राईव्हची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, काढणाऱ्या मशीनला) ड्राईव्ह लावला आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही की हात आपोआप काढ-लाव, काढ-लाव सुरू करतो. प्लीज हे करू नका. ड्राईव्ह आतून आजारी असेल तर प्रत्येक वेळी पॉवर दिली की तो अजून खराब होऊ शकतो, आणि हा पुरावा आहे, दुसरा मिळणार नाही.

आधी आपला स्वतःचा चालू ड्राईव्ह त्याच पोर्टला, त्याच केबलने लावून बघा. तोही दिसला नाही तर गडबड केबल, पोर्ट किंवा मशीनमध्ये आहे, पुराव्याच्या ड्राईव्हला लगेच दोष देऊ नका. बहुतेक वेळा केबल गेलेली असते, साटाची (हार्डडिस्क आणि एसएसडी जोडायची नेहमीची पद्धत) साधी केबल साधारण 50 वेळा काढ-लाव करण्याच्या हिशोबाने बनवलेली असते आणि कामाच्या टेबलावर हा आकडा कधी संपतो कळतही नाही, त्यामुळे केबल आधी बदला. पोर्ट सोर्सचाच, म्हणजे ज्याची प्रत काढायची तो ड्राईव्ह लावायचाच आहे ना तेही बघा. आणि एनव्हीएमई (साटापेक्षा वेगळ्या जोडणीची वेगवान एसएसडी) असेल तर मशीन पूर्ण बंद करा, ड्राईव्ह जोडा, मग चालू करा, कारण चालू मशीनला लावलेला एनव्हीएमई बऱ्याच ठिकाणी दिसतच नाही.

आता ड्राईव्हकडे या. हार्डडिस्क असेल तर पॉवर देऊन झाकणावर बोट हलकेच टेकवा आणि कान जवळ न्या. मोटर फिरायला लागली की बोटाला बारीक थरथर कळते. टक... टक... टक असा ठरावीक आवाज येऊन ती थांबली तर लगेच पॉवर काढा, हेड (डेटा वाचणारे आतले भाग) गेलेत किंवा वाचता येत नाहीये, आता हे काम क्लीनरूम (धूळमुक्त खोली) असलेल्या रिकव्हरी लॅबचं. "एकदा अजून बघू" म्हणून परत लावलं की हेड प्लॅटर, म्हणजे डेटा असलेली चकती, घासू शकतं आणि मग लॅबलाही काही करता येत नाही. छान फिरतेय, आवाज नाही, पण ओळख देत नाहीये, असं असेल तर एखादा मिनिट थांबा, तरीही नाही तर फर्मवेअर (ड्राईव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) अडकलेलं असू शकतं, तेही लॅबचंच.

अजिबात फिरतच नाही? मग पॉवर बघा. साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्ट आणि 5 व्होल्ट दोन्ही लागतात, लॅपटॉपमधल्या अडीच इंचीला नुसते 5. आणि एक गंमतीशीर वाटणारी पण खूप वेळ खाणारी गोष्ट, काही मोठ्या डिस्कना, म्हणजे सर्व्हरमधल्या किंवा बाहेरच्या बॉक्समधून काढलेल्या, साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट मिळाले की त्या मुद्दाम बंदच राहतात. डिस्क मेली असं वाटतं, ती मेलेली नसते. मोलेक्सवरून (जुना चार पिनांचा पॉवर कनेक्टर) साटा करणारा अॅडॉप्टर लावा, त्यात 3.3 ची वायरच नसते, लगेच फिरायला लागते.

कनेक्टरवर नख फिरवून बघा. साटामध्ये डेटा आणि पॉवरच्या मध्ये खाच असते, एसएएसमध्ये (सर्व्हरच्या ड्राईव्हची जोडणी) ती भरलेली असते. एसएएस ड्राईव्ह साटा पोर्टवर कधीच दिसणार नाही, इमेजरला एसएएस सपोर्ट हवाच. एम.2 मध्ये (छोट्या पट्टीसारख्या एसएसडी) तर अजून गोंधळ, दिसायला एकच पट्टी पण आत साटा किंवा एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर बहुतेक साटा, एकच आणि 5 पिनच्या बाजूला असेल तर बहुतेक एनव्हीएमई, तरी लेबल वाचून खात्री करा. साटाच्या अॅडॉप्टरमध्ये एनव्हीएमई घातलात तर काहीच होणार नाही. जुन्या मॅकबुकच्या काही एसएसडी एम.2 सारख्या दिसतात पण तशा नसतात, त्यांना वेगळा अॅडॉप्टर लागतो, जोर लावू नका!

बाहेरच्या हार्डडिस्कचा बॉक्स उघडायची घाई पण नको. काहींमध्ये यूएसबी थेट बोर्डावरच असतं, आत साटा शोधूनही सापडत नाही. काहींमध्ये बॉक्सचा चिपच डेटा एन्क्रिप्ट करतो, डिस्क काढून लावली तर इमेज निघते पण सगळी कचरा. आधी यूएसबीनेच, राइट ब्लॉकरमधून (ड्राईव्हवर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) बघा.

दिसतोय पण क्षमता लेबलपेक्षा कमी? एचपीए किंवा डीसीओ (ड्राईव्हचा काही भाग लपवून क्षमता कमी दाखवणाऱ्या सेटिंग) तपासा. मॉडेलच्या जागी "साटाफर्म एस11" आलं तर एसएसडीचं फर्मवेअर पडलंय. आणि एसएसडी विनाकारण पॉवरवर ठेवू नका, राइट ब्लॉकर असला तरी आतला कंट्रोलर स्वतःहून डिलीट झालेला डेटा साफ करत राहू शकतो.

हे सगळं करताना वही शेजारी ठेवा. लेबलचा फोटो, सिरीयल नंबर, कोणती केबल, कोणता अॅडॉप्टर, किती वाजता पॉवर दिली, किती सेकंदांनी काढली, काय आवाज आला. ड्राईव्ह लॅबला पाठवायची वेळ आली तर हीच नोंद सोबत द्या, आधी काय काय झालंय हे त्यांना कळलं नाही तर ते तेच परत करून बघणार, आणि तेवढ्या वेळा पॉवर पुन्हा द्यावी लागणार.