कृष्णविवरं आणि तारानिर्मिती: पहिल्या वर्षीच्या चुकीतून शिकलेलं

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला प्रश्न मिळाला, तो असा: दीर्घिकेच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर वाढत असताना तिथल्या तारानिर्मितीचं काय होतं? स्लोन या आकाश-सर्वेक्षणातले दीर्घिकांचे वर्णपट (प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड) कुणालाही मोफत मिळतात. मी एच-आल्फा रेषेची (हायड्रोजनची लाल रेषा, जी तरुण ताऱ्यांभोवतीच्या वायूत उजळते) तीव्रता मोजली, सूत्रात घातली आणि तारे जन्मण्याचा वेग काढला. कृष्णविवर जितकं सक्रिय, तितके नवे तारे जास्त, असा आलेख आला. तीन आठवडे मी तोच निष्कर्ष धरून बसले होते.

गाइडनी एकच वर्णपट उघडायला लावला. एच-आल्फाशेजारची नायट्रोजनची रेषा जवळपास तिच्याएवढीच उंच होती आणि ऑक्सिजनची रेषा एच-बीटाच्या, म्हणजे हायड्रोजनच्याच दुसऱ्या एका रेषेच्या, कितीतरी पट. तरुण ताऱ्यांच्या उजेडात वायू असा चमकत नाही. मी ताऱ्यांच्या खात्यावर कृष्णविवराचा प्रकाश जमा करत होते! या रेषांच्या गुणोत्तरांवरून हा भेद ओळखायचा बीपीटी आलेख १९८१पासून वापरात आहे. या विषयात येणाऱ्यानं तो सगळ्यात आधी स्वतः काढून बघावा.

मग एक गणित हातानं करा. सूर्याच्या १० कोटी पट वस्तुमानाचं कृष्णविवर घ्या आणि भोवती त्याच्या हजारपट वस्तुमानाचा ताऱ्यांचा फुगवटा, म्हणजे दीर्घिकेचा मधला फुगीर भाग. ताऱ्यांचे वेग सेकंदाला २०० किलोमीटरच्या आसपास. कृष्णविवराच्या गुरुत्वाची सत्ता जेमतेम ३५ प्रकाशवर्षांपर्यंत चालते. पण ते वाढताना गिळलेल्या वस्तुमानाच्या साधारण १० टक्के ऊर्जा बाहेर पडते, आणि ती फुगवट्याला बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दोनशे पट भरते. यातला थोडासा भाग जरी वायूला लागला तरी पुरे. हे उत्तर स्वतःच्या वहीत उतरलं तेव्हा मला या विषयाचं वजन पहिल्यांदा कळलं.

ऊर्जा वायूला लागते कशी? तेजस्वी क्वेसारचे (वायू वेगानं गिळून झगमगणाऱ्या महाकाय कृष्णविवरांचे) झोत आणि वारे वायू बाहेर ढकलतात. दुसरी तऱ्हा शांत, पण माझ्या मते जास्त महत्त्वाची. ययाती तारकासमूहातल्या दीर्घिकागुच्छाचं चंद्रा या अवकाश दुर्बिणीनं टिपलेलं क्ष-किरण चित्र बघा. मधल्या एनजीसी १२७५ दीर्घिकेच्या झोतांनी तापलेल्या वायूत पोकळ्या पाडल्या आहेत. तो वायू थंड होऊन खाली बसला असता, तर त्यातून तारे जन्मले असते. झोत त्याला पुन्हा पुन्हा तापवतात.

मग सक्रिय कृष्णविवर असलेल्या दीर्घिकांत तारानिर्मिती थांबलेली का दिसत नाही? अनेकींत तर थंड वायू भरपूर असतो. इथे काळाचा हिशेब आड येतो. कृष्णविवराचा भडका लाखभर वर्षांत मावळू शकतो. एच-आल्फा गेल्या सुमारे १ कोटी वर्षांतले तारे दाखवते, अतिनील प्रकाश १० कोटींपर्यंतचे. आज पेटलेलं आणि आज थांबलेलं यांची जोडी लावणं म्हणूनच फसवं ठरतं. शिवाय मिन्कोव्स्कीचा पिंड या छोट्या दीर्घिकेसारख्या ठिकाणी शेजारच्या दीर्घिकेच्या झोतानं वायू दाबला जाऊन उलट तारे जन्मलेत.

तुलना करताना ताऱ्यांचं एकूण वस्तुमान सारखं असलेल्याच दीर्घिका घ्या, कारण मोठ्या दीर्घिकेत कृष्णविवराची सक्रियता आणि तारानिर्मिती दोन्ही मुळातच जास्त असतात. मी पुढे तसं केलं, बीपीटीनं गाळणी लावली, आणि पहिल्या आलेखातला तो सुरेख चढ जवळजवळ सपाट झाला. आता कोड चालवण्याआधी शंभरेक वर्णपट डोळ्यांनी बघते.