जुन्या जेसीबीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलताना

पुढचं चाक डगमगलं की "बेअरिंग गेलं" म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. पैसे टाकण्याआधी स्वतः बघा. चाक उचलून टायरखाली पहार घाला, वर-खाली हलवा आणि दुसऱ्याला आतल्या बाजूने टॉर्च मारून बघायला सांगा. हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) स्टबवर (एक्सलच्या टोकाचा दांडा) हलत असेल तर बेअरिंग. स्टबच एक्सलमध्ये हलत असेल तर दुखणं किंगपिनच्या (स्टब जिच्यावर वळतो ती उभी पिन) बुशात आहे. तिथे नवं बेअरिंग घालून प्ले, म्हणजे ढिलेपणा, तसाच राहणार.

हे सगळं टू-व्हील ड्राइव्ह मशीनबद्दल आहे. फोर-व्हीलचा पुढचा एक्सल निराळी भानगड. टू-व्हीलला पुढे ब्रेक नसतात, म्हणून काम सुटसुटीत वाटतं, आणि म्हणूनच कोणीही हातोडा घेऊन त्यात उतरतो.

आपल्याकडे मशीन आज चिरेखाणीत, तर पुढच्या आठवड्यात खाडीच्या बांधावर. जांभ्याची कचकच सीलचा (ग्रीस आत राखणारी रबरी कडी) ओठ कापते आणि त्या वाटेने खारं पाणी आत शिरतं. मग पावसाळाभर मशीन उभं राहिलं की रोलर जिथे टेकलेले असतात तिथेच रेसवर (रोलर जिच्यावर फिरतात ती कडी) गंजाचे पट्टे उमटतात. असं बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून परत घालू नका. गंजाच्या डागापासूनच टवका उडायला सुरुवात होते.

पुढची बकेट दाबून मशीन उचला, पण सड्याच्या कातळावर किंवा काँक्रीटवर. भातखाचराच्या कडेला घोड्या (एक्सलखाली लावायचे टेकू) रुततात. पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो, म्हणून घोड्या दोन्ही बाजूंना हव्यात. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर मशीनखाली हात घालणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही.

चाक, टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग, मग हब. यात सांगण्यासारखं काही नाही.

दुकानात "जेसीबीचं पुढचं द्या" असं म्हणू नका. जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर पुसून वाचा आणि तोच मागा. मेट्रिक टेपर (निमुळत्या रोलरांच्या) बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतला व्यास निघतो: ३२२१० म्हणजे ५० मि.मी., आणि त्याचा बाहेरचा व्यास ९०. इंची मापाचं असेल तर कप (हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची कडी) आणि कोन (रोलरांसकट आतला भाग) यांचे नंबर वेगवेगळे असतात, दोन्ही लिहून न्या. जुन्या कपात नवा कोन बसवून पैसे वाचवण्याचा सल्ला देणारा माणूस पुढच्या वेळी तुमच्या खर्चाने हब बदलायला लावणार आहे.

आता कप. माझा सगळ्यात जास्त घाम इथेच निघालेला आहे, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात.

हबच्या आत, कपाच्या मागच्या खांद्याला बहुधा समोरासमोर दोन खाचा असतात. जुन्या ग्रीसने त्या बुजलेल्या असतात, म्हणून लोकांना दिसत नाहीत. डिझेलने हब स्वच्छ धुवा, खाचा शोधा, पितळी किंवा मऊ लोखंडाचा रॉड कपाच्या कडेला टेकवा आणि एक ठोका इकडे, एक तिकडे असं करत काढा. एकाच बाजूला मारत राहिलात तर कप तिरका होतो, अडकतो आणि हबच्या भिंतीला ओरखडा पाडतो. कडक छन्नी वापरू नका. बेअरिंगचं स्टील ठिसूळ, त्याची कपची उडाली तर सरळ डोळ्यात. चष्मा लावा, यावर वाद नको.

गंजून बसलेला कप ठोकून निघत नसेल तर त्याच्या आतल्या फिरत्या पृष्ठभागावर वेल्डिंगची एक ओळ गोल फिरवा आणि थंड होऊ द्या. वेल्ड आकसतो, कपाला आत ओढतो आणि बऱ्याचदा कप हातानेच निघतो. पण हब मशीनवरून पूर्ण उतरवलेला हवा, ग्रीस पुसलेलं हवं आणि अर्थिंगचा चिमटा त्याच हबला. मशीनवर असताना वेल्डिंग केलंत तर करंट दुसऱ्या बेअरिंगांतून वाट काढतो आणि तिथे खड्डे पाडतो. गॅसच्या ज्वाळेने हब लाल करणारेही भेटतील. त्यांच्यापासून हब लांब ठेवा.

कप निघाल्यावर त्याची जागा बोटाने चाचपा. कप आतल्या आत फिरला असेल तर जागा चकचकीत आणि सैल झालेली असते. इथे कोणीतरी सेंटर पंचने ठिपके मारून "टाइट होईल" म्हणेल. ठिपक्यांची टोकं थोड्या दिवसांत दबतात आणि कप पुन्हा फिरतो. जरासा ढिलेपणा असेल तर बेअरिंग बसवायचा लॉकिंग द्रव चालतो. जास्त असेल तर लेथवर स्लीव्ह घालून घ्या किंवा हब बदला.

नवा कप बसवायला प्रेस नसली तरी थंडी आहे. कपाला तेलाचा हात लावून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. (बांगड्यांच्या शेजारी ठेवलात की घरात बोलणी बसतील, ती ऐकून घ्या.) ९० मि.मी.चा कप तीस अंशांवरून उणे पंधरा-अठरापर्यंत गेला की साधारण ०.०५ मि.मी. आकसतो, आणि एवढ्याने बराच फरक पडतो. दुसरीकडे हब एप्रिलच्या उन्हात कातळावर तापू द्या, नाहीतर गरम पाण्यात बुडवून कोरडा करा. मग हात आखडू नका. आपल्या दमट हवेत थंड कपावर लगेच दव धरतं. पुसा, सरळ धरा, जुना कप बाहेरून थोडा ग्राइंड करून तोच वर ठेवा आणि ठोका. ठोक्याचा आवाज बद्द असतो तोवर कप टेकलेला नाही. आवाज टणक झाला की टेकला. तरीही खाचेतून ०.०५ मि.मी.चा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. तो शिरत असेल तर अजून ठोका. न टेकलेला कप चाललेल्या कामात मागे सरकतो, आणि नीट लावलेला प्ले आठवड्याभरात परत येतो. मग लोक दुकानदाराला शिव्या घालतात. शेवटी कप पुसून तेल लावा, नाहीतर दवाचा गंज धरेल.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, दोन नंबर. तळहातावर घेऊन कोनाच्या रुंद बाजूने दाबा, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून बाहेर येईपर्यंत. हबची पोकळी निम्म्यापर्यंतच भरा. जुनं ग्रीस कुठलं ते माहीत नसेल तर सगळं काढून टाका, मिसळू नका. सील नवाच. स्टबवर सीलचा ओठ घासतो तिथे नखाला खाच लागत असेल तर नवा सीलही गळेल. तिथे पातळ स्लीव्ह बसवा.

नट आवळताना हब सतत हाताने फिरवत राहा, म्हणजे रोलर आपापल्या जागी जातात. हब जड फिरायला लागेपर्यंत आवळा, सैल करा, मग नुसत्या हाताने परत टेकवा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे नाही, मागे घ्या. "फुल टाइट करून अर्धा फेरा मागे" हे सगळ्या मशीनांना लागू नाही. मशीनच्या पुस्तकातला आकडा मिळाला तर तोच धरा. नाहीतर अशा हबांना ०.०२५ ते ०.१२५ मि.मी.चा एंड प्ले (हबचा स्टबवर आत-बाहेरचा ढिलेपणा) चालतो, तो डायल गेजवर दिसतो. हाताला जाणवेल न जाणवेल इतकाच. प्ले शून्यावर आणलात तर बेअरिंग तापून जाऊ शकतं. स्प्लिट पिन नवी, कधीच जुनी नाही.

पहिल्या दिवसाचं काम संपल्यावर हबवर हात ठेवा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट सैल करून पुन्हा बसवा. चाकाचे नट त्याच वेळी परत आवळा. आणि खाडीतून आलेलं मशीन गोड्या पाण्याने जरूर धुवा, पण प्रेशरची धार सीलच्या ओठावर मारू नका.