जॉबवर्कचा रेट काढताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागल, एमआयडीसीत जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग मजुरीवर करून देणाऱ्या कुठल्याही मशीन शॉपच्या मालकाला सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) तासाचा रेट तोंडपाठ असतो. हा आकडा कुठून आला विचारलं की तो शेजारच्या शेडकडे बोट दाखवतो, आणि शेजारचा त्याच्या शेजारच्याकडे. अख्ख्या गल्लीत हिशोब कुणीच केलेला नसतो. नवीन पोरं तर त्याहून पुढची. व्हॉट्सॲपवर आलेली एक्सेल शीट उघडतात, पिवळ्या चौकटीत आकडे भरतात आणि खाली येईल तो रेट कोटेशनवर चिकटवतात.

फिक्स खर्च नगांवर सारखा वाटणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, म्हणून हिला जरा जास्त जागा देतो.

शिरोलीतलं एक शॉप. तीन सीएनसी, दोन शिफ्ट. (आकडे गोल केलेत.) शेडचं भाडं, कर्जाचं व्याज, घसारा, सुपरवायझरचा पगार, विजेचा डिमांड चार्ज मिळून महिन्याचा फिक्स खर्च, म्हणजे काम असो-नसो येणारा, ३,६०,००० रुपये. जॉब तीनच. फ्लँज ६,००० नग, रेट ६० रुपये. इन्सर्ट (धातू कापणारं बदलायचं टोक), कूलंट (कापताना थंड ठेवणारं द्रव), वीज, नगावरची मजुरी आणि टेम्पो धरून नगामागे खर्च २८. हाउसिंग २,००० नग, रेट १४०, खर्च ७०. ब्रॅकेट ४,००० नग, रेट ४५, खर्च २५.

मालकांनी फिक्स खर्चाला १२,००० नगांनी भागलं. नगाला ३० रुपये. ब्रॅकेटचे २५ अधिक ३० म्हणजे ५५, आणि रेट ४५. मला म्हणाले, "साहेब, बरं झालं ब्रॅकेट सोडलं. नगामागं धा रुपये जात होतं."

पुढच्या महिन्यात दर महिन्याचा ५२,००० चा नफा जाऊन २८,००० चा तोटा आला. येणारच होता. ब्रॅकेटच्या प्रत्येक नगातून २० रुपये फिक्स खर्च भागवायला येत होते, महिन्याला ८०,०००. ते थांबले, भाडं आणि व्याज मात्र एक रुपयानंही कमी झालं नाही. तेच ३,६०,००० आता ८,००० नगांवर बसले, नगाला ४५ रुपये. मग फ्लँजचा खर्च झाला ७३ आणि रेट ६०. आता फ्लँजही बुडीत दिसायला लागला! मी गेलो तेव्हा फ्लँजचा रेट वाढवून मागणारं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं. पार्टीनं, म्हणजे काम देणाऱ्या गिऱ्हाइकानं, नाही म्हटलं असतं, तर फ्लँजही सोडायचा बेत होता.

मी सायकल टाइम, म्हणजे एका नगाला मशीनवर लागणारा वेळ, मागितला. ब्रॅकेट २ मिनिटं, फ्लँज ४, हाउसिंग १२. मशीनच्या एका मिनिटाला ब्रॅकेट १० रुपये मिळवून देत होता, फ्लँज ८ आणि मालकांचं लाडकं हाउसिंग ६ सुद्धा नाही. फिक्स खर्च मशीनच्या मिनिटांवर वाटला तर तोट्यात हाउसिंग दिसतं, ब्रॅकेट नाही. म्हणून हाउसिंगही लगेच बंद करायचं नसतं. मशीन रिकामी असताना १४० तून खर्च वजा जाता नगामागे येणारे ७० रुपये कशाला सोडायचे? पण मशीन फुल झाली आणि काहीतरी काढावंच लागलं, तर पहिला नंबर त्याचा. ब्रॅकेटची पार्टी तोवर दुसरीकडे गेली होती. परत आली ती निम्म्या ऑर्डरवर.

माझी पद्धत साधी आहे. कुठलाही जॉब सोडण्याआधी कागदावर एकच प्रश्न लिहायचा: हा उद्या गेला तर कुठली बिलं येणं थांबतील? तेवढाच त्याचा खर्च.

मंदीत रेट वाढवणं

ही दुसरी लाडकी चूक. काम कमी आलं, तास कमी भरले, म्हणून फिक्स खर्चाला त्या कमी तासांनी भागायचं आणि चढा रेट घेऊन पार्टीकडे जायचं. बाजार पडलेला असताना! तुमची मशीन रिकामी राहिली याचे पैसे पार्टी का देईल? भागायचं ते नेहमीच्या क्षमतेनं. वर्षभरात सुट्ट्या, मेंटेनन्स, लाइट जाणं वजा करून मशीन साधारण जेवढी चालते, ते तास. अकाउंटिंग स्टँडर्ड २ मध्येही साठ्याच्या मूल्यांकनासाठी फिक्स उत्पादन खर्च याच नेहमीच्या क्षमतेवर वाटायला सांगितलाय. रिकाम्या तासांचा खर्च मी वहीत वेगळ्या ओळीत, लाल पेननं लिहितो. तो रेटमध्ये लपवला की काम आणायची घाई कुणालाच वाटत नाही.

सेटिंग विसरणं

दोन तास सेटिंग (नवा जॉब लावायला मशीन तयार करणं) आणि लॉट ५० नगांचा, म्हणजे नगाला २.४ मिनिटं नुसती सेटिंगची. ५०० चा लॉट असता तर पाव मिनिटाच्या आत. कोटेशनवर रेट एकच लिहिता आणि पार्टी दर आठवड्याला ५०-५० नग पाठवते. लॉटप्रमाणे रेट लिहा किंवा सेटिंग चार्ज वेगळा लावा.

बाकीच्या, थोडक्यात

कर्जाचा पूर्ण हप्ता खर्चात धरून वर घसारा लावू नका. मुद्दल म्हणजे खर्च नव्हे. व्याज आणि घसारा एवढंच धरा.

शेड स्वतःची म्हणून भाडं शून्य, बायको हिशोब बघते म्हणून पगार शून्य. असा स्वस्त रेट लावणाऱ्याला मी एवढंच विचारतो, शेड भाड्यानं दिली तर किती येतील?

१०० रुपये खर्चावर २५ चढवले की विक्रीवर २५ टक्के सुटत नाहीत, २० सुटतात. २५ सुटायला रेट १३३ च्या वर हवा.

नगामागे विक्रीच्या ३० टक्के सुटत असतील आणि रेट १० टक्के उतरवला, तर तेवढेच पैसे हाती यायला दीडपट माल काढावा लागतो. डिस्काउंट देण्याआधी दीडपट मशीन आहे का बघा.

उधारीचा खर्च धरा. सूक्ष्म-लघू उद्योगांचं पेमेंट ४५ दिवसांच्या आत करावं असं २००६ चा एमएसएमईडी कायदा म्हणतो. पार्टी ९० दिवसांनी देते आणि तुमची सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज) १२ टक्क्यांची. ६० रुपयांच्या नगावर १ रुपया ८० पैसे तिथंच गेले.

इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वजा करून घेणं) मिळत असेल तर इन्सर्टवरचा जीएसटी खर्चात धरू नका. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्याला क्रेडिट नाही, त्यानं धरायचाच.

आणि ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगचा (प्रत्येक कामाच्या टप्प्यावर खर्च वाटायच्या पद्धतीचा) कोर्स करून आलेल्या भाच्याला पंधरा दिवस मशीनपाशी वही घेऊन उभा करा. कॅप्लान आणि कूपर या प्राध्यापकांनी १९८० च्या दशकात ती पद्धत पुढे आणली ती असंख्य उत्पादनं काढणाऱ्या मोठ्या कारखान्यांकडे बघून. तीन मशीनच्या शॉपला आधी सायकल टाइम खरा मिळाला तरी पुष्कळ झालं.

अर्धवट शिकण्याची चूक

हे सगळं समजावलं की काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. नगामागे २८ खर्च आहे ना, मग ३२ ला पण परवडतं, म्हणून नेहमीच्या पार्टीलाही ३२ चं कोटेशन. फिक्स खर्च कोण भरणार? आणि पर्चेसवाल्यांच्या फाइलीत एकदा ३२ लागले की ते ६० कधीच होत नाहीत. असा रेट फक्त रिकाम्या मशीनसाठी, नव्या पार्टीला आणि ठरावीक कामापुरता. कोटेशनवर नगसंख्या आणि शेवटची तारीख लिहा, आणि ते फोनवर कधीच देऊ नका.