डॉक्सीसायक्लिन घेताना या चुका टाळा

मुंबईत पाणी तुंबलं की महापालिकेचं आवाहन येतंच: साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) प्रतिबंधक गोळी घ्या. ती गोळी बहुतेकदा डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची असते. स्वस्त आणि ओळखीची, म्हणून लोक तिला फार हलक्यात घेतात. पण तिचे बरेचसे त्रास घेण्याच्या चुकीच्या पद्धतीतून येतात.

सर्वात वाईट सवय म्हणजे झोपायला जाताना घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल गिळून लगेच आडवं होणं. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते, तिथेच विरघळते आणि औषध आम्लधर्मी असल्यामुळे आतलं अस्तर भाजून निघतं. मग छातीच्या मधोमध दुखू लागतं, पाण्याचा घोटही टोचतो आणि माणूस हृदयविकाराच्या भीतीने ईसीजी काढायला धावतो. (छातीत दुखलं तर दाखवायला जावंच, पण डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं आठवणीने सांगा.) हे टाळणं सोपं आहे. पेलाभर पाणी प्या, बसून किंवा उभं राहून गोळी घ्या आणि पुढे निदान अर्धा तास पाठ टेकू नका. दिवसातून दोनदा सांगितली असेल तर दुसरी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या, अंथरुणात नको. रिकाम्या पोटी मळमळतं, म्हणून दोन घास खाल्लेले बरे.

मात्र त्या दोन घासांबरोबर कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी नको. ही खनिजं डॉक्सीसायक्लिनला पोटातच बांधून ठेवतात आणि औषध रक्तात कमी उतरतं. अ‍ॅसिडिटीवरच्या पातळ औषधाचंही तेच, कारण त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. अ‍ॅसिडिटीवरचीच पँटोप्राझोलची गोळी मात्र यात मोडत नाही. दुधाने परिणाम थोडा कमी होतो, तेव्हा गोळी पाण्याबरोबरच घ्यावी.

डोसचा गोंधळ तर दरवर्षीचा. लेप्टो होऊ नये म्हणून मोठ्यांना सहसा २०० मिलिग्रॅम एकदाच देतात. पायाला जखम असेल किंवा रोजच पाण्यात उतरावं लागत असेल, तर किती आणि किती दिवस घ्यायची हे डॉक्टर ठरवतात. लेप्टो झाल्यावरचा उपचार वेगळा: सौम्य आजारात साधारण १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. त्यामुळे ‘मी गोळी घेतली होती’ म्हणून ताप अंगावर काढू नका. प्रतिबंधक गोळी म्हणजे पूर्ण पावसाळ्याचं कवच नव्हे. सर्दी, फ्लू, डेंग्यू या विषाणूंच्या आजारांवर ती काहीच करत नाही. एखादा डोस चुकला तर आठवताच घ्या, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन एकदम नकोत.

घरातल्या एकाला मिळालेली पट्टी सगळ्यांत वाटून घेणं धोक्याचं. आठ वर्षांखालच्या मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात आणि गरोदरपणातही ही गोळी सहसा टाळतात. या दोघांसाठी डॉक्टर अझिथ्रोमायसिनसारखा पर्याय निवडतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर आधी सांगायलाच हवं. पट्टीवरची उभी लाल रेघ काही शोभेसाठी छापलेली नसते; डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ.

उन्हाचं कुणी सांगत नाही. मुरुमांसाठी काही आठवडे ही गोळी घेणाऱ्यांची त्वचा उन्हात लवकर भाजते. टोपी, लांब बाह्या, सनस्क्रीन वापरा, ढगाळ दिवशीसुद्धा.

थोडी मळमळ किंवा पातळ शौच चालतं. पण तीव्र डोकेदुखीबरोबर अंधुक दिसणं, अंगावर पुरळ, चेहऱ्याला सूज, श्वासाला त्रास किंवा रक्त पडणारे जुलाब, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास अडकत असेल तर थेट रुग्णालय. जाताना पट्टी बरोबर न्या.