नाकाबंदीत फुंकायला सांगितलं तर

३१ डिसेंबरच्या आसपास मालवण, वेंगुर्ले, बांदा या पट्ट्यात रात्री नाकाबंदी असतेच, आणि दारू प्यायली आहे का ते पाहायला श्वास तपासणाऱ्या यंत्रात फुंकायला सांगतात. न पिणारा माणूसही तिथे गोंधळतो आणि भलत्याच गोष्टीवर वाद घालत बसतो. त्यापेक्षा एवढं करा:

१. लायसन्स, आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये ठेवा, ती चालतात. गॅलरीतला फोटो चालत नाही. घाटात रेंज जाते, म्हणून मूळ लायसन्स खिशात हवंच.

२. फुंकण्याआधी नवी नळी मागा. ती आपल्यासमोर बसवली जाते का, ते पाहा. नंतर आकडा स्वतः वाचा आणि प्रिंट निघत असेल तर मागून घ्या. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असेल तरच मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) लागतं. नुकतंच कफ सिरप किंवा माउथवॉश घेतलं असेल तर आधीच सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा. तोंडातलं अल्कोहोल तेवढ्यात ओसरतं.

३. अटक झालीच तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. त्याच कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं. हे फार थोड्यांना माहीत असतं, घरच्यांनाही सांगून ठेवा.

४. कागदपत्रं जप्त केली तर पोचपावती घ्या.

मात्र संशयाचं कारण असताना गणवेशातल्या पोलिसाने सांगितलेली चाचणी नाकारू नका. नकार दिला तर कलम २०३ खाली वॉरंटशिवाय अटक होऊ शकते.