बाहेरच्या भिंतीचं काम देताय? आधी 'वजा'चं लिहून घ्या

जुळे सोलापुरात काय नि होटगी रोडला काय, बाहेरच्या प्लास्टरचं किंवा क्लॅडिंगचं (भिंतीवर दगड-टाइल्स बसवण्याचं) भांडण बहुतेक दरावरून नसतं, मापावरून असतं. दर ब्रासचा (1 ब्रास म्हणजे 100 चौरस फूट), आणि बिलात खिडक्या-दारंही भिंत म्हणून मोजलेली!

1. काम सुरू होण्याआधी तुम्ही नि ठेकेदार, दोघांनी मिळून टेप लावा. भिंतीगणिक लांबी, उंची आणि 'खिडक्या-दारं वजा करून' हे शब्द कागदावर घ्या.
2. परांची, राडारोडा कोणाकडे, तेही लिहा. प्लास्टरवर किमान 7 दिवस पाणी कोण मारणार? आपल्याकडच्या उन्हात हे आधीच ठरलेलं बरं.
3. दोघांच्या सह्या, मोबाईलवर फोटो.

रोख उचल दिलीत तर त्याच कागदावर रक्कम, तारीख टाकून सही घ्या.